याशिका मॅट-१२४ जी: संग्रहात ठेवावा आणि वापरावाही असा कॅमेरा

१९७० साली बाजारात आलेला ‘याशिका मॅट-१२४ जी’ हा दोन भिंगांचा जपानी कॅमेरा जुन्या कॅमेऱ्यांच्या संग्रहांत वारंवार दिसतो, आणि हा मान त्याला केवळ काळ्या, देखण्या बांध्यामुळे मिळालेला नाही. वरच्या भिंगातून दृश्य पाहायचे आणि खालच्या ८० मिमी नाभीय अंतराच्या, एफ ३.५ एवढ्या कमाल छिद्राच्या ‘याशिनॉन’ भिंगातून ते फिल्मवर उतरवायचे. ‘१२०’ या रुंद प्रकारच्या फिल्मच्या एका रोलवर असे १२ चौरस फोटो मिळतात, आणि त्यांतील बारकावे पाहून मन खरोखर हरखून जाते. बाजूचा दांडा फिरवला की फिल्म पुढे सरकते व शटरही सज्ज होते. संग्रह पाहायला येणाऱ्या प्रत्येकाला एवढे तरी स्वतः करून पाहू द्यावे.

विकत घेताना प्रकाशमापकावर विसंबू नये, कारण तो १.३५ व्होल्टच्या पाऱ्याच्या सेलसाठी बनवलेला होता आणि ते सेल आता सहसा मिळत नाहीत. त्याहून महत्त्वाचे म्हणजे दोन्ही भिंगे उजेडासमोर धरून बुरशी तपासावी, आणि शटर एक सेकंदाच्या वेगावर अडखळत नाही ना, हे कान देऊन ऐकावे. कोकणासारख्या दमट हवेत कॅमेरा चामडी आवरणात कोंडण्यापेक्षा ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलसह काचेच्या घट्ट कपाटात ठेवलेला बरा.