आठ महिने तनाख आणि मराठी बायबल शेजारी ठेवून वाचलं, फक्त सैतान समजून घ्यायला

गेल्या वर्षी आई आजारी होती तेव्हा भेटायला आलेल्या एकांनी सांगितलं की हे सैतानाचं काम आहे, प्रार्थना वाढवा. आईने ऐकून घेतलं, पण रात्री मला म्हणाली, अरे मग देवाने त्याला करू कसं दिलं? मी लहानपणापासून संडे स्कूलमध्ये वाढलेला आणि मला धड काहीच सांगता आलं नाही, ते मनाला लागून राहिलं.

म्हणून टीपांसकट असलेलं इंग्रजी तनाख, म्हणजे ज्यूंचं हिब्रू बायबल (आपला जुना करार), मागवलं, ज्यू अभ्यासकांनीच भाषांतर केलेलं, आणि घरातलं पवित्र शास्त्र शेजारी ठेवलं. रोज सकाळी अर्धा तास, आता आठ महिने झाले.

पहिला धक्का गणना या पुस्तकाच्या २२ व्या अध्यायात बसला. बलाम नावाचा भविष्य सांगणारा गाढवीवर बसून निघालाय आणि वाटेत तलवार उपसून परमेश्वराचा दूत उभा आहे, तर मूळ हिब्रूत तो दूतच ‘सातान’ म्हणून उभा आहे! म्हणजे आडवा येणारा, विरोधक. मराठीत वाचताना हे कळतच नाही कारण तिथे विरोध असा अर्थ दिलाय, सैतान शब्द नाही. शलमोन राजाच्या विरुद्ध उठलेला अदोमी हदाद, तोही सातान, आणि पलिष्टी सरदारांना भीती वाटते की दावीद लढाईत आपला सातान होईल. साधं सामान्यनाम आहे हो.

मग ईयोबाचं पुस्तक, ज्यात एका नीतिमान माणसावर संकटं कोसळतात. इथे तो ‘हा-सातान’ आहे, नाव नाही, हुद्दा आहे, माझ्या तनाखात ‘द ॲडव्हर्सरी’ असं छापलंय. देवपुत्रांबरोबर, म्हणजे स्वर्गातल्या दूतांबरोबर, देवाच्या दरबारात येतो, पृथ्वीवर फिरून आल्याचं सांगतो, आणि ईयोबाला हात लावायला परवानगी घेतो, दोन्ही वेळा. सरकारी वकिलासारखा. जखऱ्या ३ मध्येही तसाच, यहोशवा मुख्य याजकाच्या उजवीकडे आरोप करायला उभा. देवाच्या विरुद्ध राज्य चालवणारा कोणी मला तनाखात सापडला नाही, उत्पत्तीतल्या सापालासुद्धा तिथे कुठेच सैतान म्हटलेलं नाही. यशया १४ मधला आकाशातून पडलेला पहाटेचा तारा बाबेलच्या राजाविषयी आहे, लॅटिन भाषांतरात तिथे ‘लुसिफर’ आला आणि पुढे ते सैतानाचं नावच होऊन बसलं.

सगळ्यात जास्त वेळ मी एका जोडीवर घालवला. २ शमुवेल २४ मध्ये दावीद राजाला लोकांची शिरगणती करायला (तिथे हे पाप ठरतं) परमेश्वराचा कोप प्रवृत्त करतो, आणि तीच गोष्ट १ इतिहास २१ मध्ये सांगताना तिथे सातान आलाय. इतिहासाची पुस्तकं बाबेलच्या बंदिवासानंतरची, म्हणजे यहूदी लोकांना कैद करून बाबेलला नेलं होतं त्यानंतरची. वाईट गोष्ट थेट देवाच्या नावावर टाकायला लोकांना जड जायला लागलं असावं, असं मला वाटतं. पारशी धर्मातल्या अंग्र मैन्यू या दुष्ट शक्तीचा परिणाम झाला असं बरेच अभ्यासक म्हणतात, काहींना ते पटत नाही. पण बंदिवासानंतरच्या काळात पतित दूतांच्या गोष्टी सांगणारी, हनोख या प्राचीन पुरुषाच्या नावावरची पुस्तकं येतात, १९४७ पासून मृत समुद्राजवळच्या कुमरानच्या गुहांत सापडलेल्या गुंडाळ्यांत बलियाल हा दुष्टांचा म्होरक्या आहे, प्रकाशाचे पुत्र आणि अंधाराचे पुत्र यांचं युद्ध आहे. नवा करार याच हवेत लिहिला गेलाय, हे कळल्यावर शुभवर्तमानं वेगळीच वाचली जातात.

तिथे सैतान ‘या जगाचा अधिकारी’ होतो, त्याचं राज्य असतं, भुतं काढणं म्हणजे त्या राज्यावर हल्ला असतो. प्रकटीकरण १२ मध्ये जुना साप, दियाबल, सैतान सगळे एकच होतात. पण लगेच पुढच्या वचनात त्याला काय म्हटलंय बघा, आपल्या बंधूंवर रात्रंदिवस देवासमोर आरोप करणारा! आणि लूक २२ मध्ये येशू पेत्राला सांगतो की सैतानाने तुम्हाला गव्हासारखं चाळायला मागितलंय. मागितलंय. म्हणजे जुना वकील पूर्ण गेलेला नाही, आणि हे मला कुठल्याच उपदेशात ऐकायला मिळालं नव्हतं.

यहूदी रब्बी मात्र दुसऱ्या वाटेने गेले. तालमूदात, म्हणजे रब्बींच्या चर्चांच्या जुन्या ग्रंथात, रेश लाकीश नावाचे रब्बी म्हणतात सैतान, मनातली वाईट ओढ आणि मृत्युदूत हे एकच. तिथेच असंही आहे की ईयोबाच्या बाबतीत सैतानाचा हेतू चांगला होता, ईयोबाच्या कौतुकात देव अब्राहामाला विसरू नये एवढाच, आणि एका रब्बीने हे शिकवलं तेव्हा सैतानाने येऊन त्याच्या पायांचं चुंबन घेतलं. हे वाचून मी दोन दिवस पुढे गेलोच नाही.

त्रास सांगायचा तर तनाखाचा कागद फार पातळ, टीपांची अक्षरं बारीक, संध्याकाळी दिव्यात मला वाचवत नाही. पुस्तकांचा क्रमही वेगळा, तिथे इतिहास सगळ्यात शेवटी आहे आणि आपल्याकडे जुना करार मलाखीवर संपतो, त्यामुळे पहिला महिना नुसती पानं उलटण्यात गेला. हिब्रू येत नसेल तर टीपांवरच अवलंबून राहावं लागतं.

आईला मी ईयोब पूर्ण वाचून दाखवला, रोज दोन अध्याय. दुसऱ्या अध्यायानंतर सैतान परत येतच नाही, देव वावटळीतून बोलतो तेव्हाही त्याचं नाव नाही. आईने विचारलं, म्हणजे ईयोबाला ती दरबारातली गोष्ट शेवटपर्यंत कळलीच नाही? नाही कळली. आणि दुःखाचं कारण त्याला समजावत बसलेल्या मित्रांना? त्यांनाही नाही. मग ती म्हणाली, आणि तरी ते एवढे बोलत होते.

घेणार असाल तर टीपांचीच आवृत्ती घ्या, नुसतं भाषांतर नको. आणि सुरुवात उत्पत्तीपासून करू नका, गणना २२ पासून करा, मग ईयोबाचे पहिले दोन अध्याय, मग शमुवेल आणि इतिहासाची ती जोडी, दोन्ही पुस्तकं उघडी ठेवून.