मुंबईची हवा तपासायला कोणतं मॉडेल घ्यावं?

पावसाळा सरला की मुंबईत वारा मंदावतो. रात्री तो जमिनीकडून समुद्राकडे वाहू लागतो आणि पहाटे जमिनीलगतच्या गार हवेवर उबदार थराचं झाकण बसतं. धूर तेवढाच असला तरी थोडक्या जागेत कोंडतो आणि पीएम २.५ चा, म्हणजे हवेतल्या अतिसूक्ष्म कणांचा, आकडा चढतो. बांधकामं आणि गाड्या वाढल्या तरी आकडा चढतोच. यातलं वाऱ्यामुळे किती आणि माणसांमुळे किती, हे वेगळं काढण्यासाठी हवामानाची माहिती मशीन लर्निंगला, म्हणजे नोंदींवरून स्वतः शिकणाऱ्या संगणकीय पद्धतींना, जोडतात. प्रकल्प हाती घेणारे विद्यार्थी आणि नागरिक गट बहुधा तीन पर्यायांपाशी अडतात: लिनिअर रिग्रेशन, रँडम फॉरेस्ट आणि एलएसटीएम.

रिग्रेशन म्हणजे आकड्यांवर सरळ रेषा बसवणं. ते तासाभरात उभं राहतं आणि काय केलं ते कुणालाही समजावता येतं. पण वाऱ्याचा परिणाम सरळ रेषेत जात नाही. निवांत हवेत थोडा वारा सुटला की खूप फरक पडतो, आधीच जोराचा असेल तर आणखी वाढून फारसं काही होत नाही, कोरड्या दिवसांत तर तो धूळच उडवतो. तुलनेपुरतं रिग्रेशन करून ठेवावं, निष्कर्ष त्यावर काढू नयेत.

माझं मत रँडम फॉरेस्टला. लिओ ब्रायमन यांनी २००१ मध्ये मांडलेली ही पद्धत शेकडो निर्णयवृक्षांच्या, म्हणजे हो-नाही प्रश्नांच्या साखळ्यांच्या, उत्तरांची सरासरी घेते. संध्याकाळ, पडलेला वारा आणि कोरडी हवा एकत्र आली की काय होतं, हे ती स्वतःच शिकते, आणि साध्या लॅपटॉपवर चालते. तिचा खरा उपयोग पुढे आहे. एकाच दिवसासाठी वेगवेगळ्या दिवसांचं हवामान शेकडो वेळा घालून अंदाज काढायचे आणि त्यांची सरासरी घ्यायची. हवामानाचा चढउतार बराचसा पुसला जातो आणि उत्सर्जनाचा कल दिसू लागतो. २०१८ मध्ये स्वित्झर्लंडच्या पीएम १० वर, म्हणजे १० मायक्रॉनपर्यंतच्या कणांवर, असंच काम झालं. २०२० च्या लॉकडाउनमध्ये हवा किती सुधारली, हे मोजायलाही अनेक शहरांत अशाच पद्धती वापरल्या गेल्या. एक मर्यादा लक्षात ठेवा: शिकताना पाहिलेल्या सर्वांत मोठ्या आकड्याच्या वर हे मॉडेल जाऊच शकत नाही.

एलएसटीएम हे क्रमाने येणाऱ्या नोंदींवरून शिकणारं न्यूरल नेटवर्क, १९९७ पासूनचं. मागच्या तासांची आठवण ठेवतं, त्यामुळे उद्याचा अंदाज हवा असेल तर ते घ्यावं. पण त्याला सलग आणि भरपूर नोंदी लागतात, आणि आपल्या केंद्रांच्या नोंदींत खंड असतात. शिवाय असं का म्हणालास, हे त्याला विचारणं अवघड. अंदाजच पाहायचा असेल तर पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेची सफर ही हवेच्या गुणवत्तेची यंत्रणा मुंबईत २०१५ मध्ये सुरू झाली.

मॉडेलपेक्षा जास्त वेळ माहितीला द्या. वाऱ्याची दिशा अंशांत तशीच घालू नका. ३५९ आणि १ हे दोन्ही उत्तरेचेच, पण मॉडेलला ते दोन टोकं वाटतात. साइन आणि कोसाइन करून घाला. मिश्रणथराची, म्हणजे धूर ज्या थरात मिसळतो त्याची, उंची ईआरए५ या युरोपीय हवामान माहितीसंचातून तासातासाची मिळते, मात्र तिची चौकट सुमारे ३१ किलोमीटरची. कुलाबा आणि बोरिवली यांतला फरक तिच्यात नीट उतरत नाही, तो जवळच्या वेधशाळेच्या नोंदींतून घ्यावा.

आणि एक चूक मीही केली आहे. तासातासाच्या नोंदींच्या ओळी चिठ्ठ्या काढल्यासारख्या वाटून काही शिकायला, काही चाचणीला ठेवल्या. निकाल झकास आला. सकाळी नऊची नोंद शिकण्यात होती, दहाची चाचणीत, आणि तासाभरात हवा बदलते किती? मॉडेल शेजारचा आकडा बघून उत्तर देत होतं. तेव्हापासून मी अखंड एक हिवाळा, ऑक्टोबर ते फेब्रुवारी, मॉडेलपासून लपवून ठेवते. त्या हिवाळ्यावर रँडम फॉरेस्टला रिग्रेशनपेक्षा फारसं पुढे जाता आलं नाही, तर हवामान वजा करण्याच्या पायरीकडे वळायचंच नाही, आधी नोंदी तपासायच्या.