कळलावीचे दोन पावसाळे

सोसायटीत एप्रिल उजाडला की टँकर सुरू. म्हणून गच्चीवर असं काहीतरी हवं होतं जे उन्हाळ्यात पाणीच मागणार नाही. गेल्या वर्षी मे महिन्यात नर्सरीतून कळलावीचे, म्हणजे पावसाळ्यात फुलणाऱ्या एका वेलीचे, तीन कंद आणले. जंगलातून उकरलेले नाहीत ना, एवढं आधी विचारून घेतलं. औषधासाठी ओरबाडून रानातली कळलावी आधीच कमी झालीय.

आईने नाव ऐकूनच हात झटकले. "कळलावी घरात? भांडणं लागतील!" नाव बाळंतपणाच्या कळांवरून पडलंय, असं मी सांगून पाहिलं. "कसलीही कळ असो, दारात नको." म्हणून गच्ची.

तीनपैकी दोन कंद मीच घालवले. कंद नांगराच्या फाळासारखा वाकडा असतो, संस्कृतात लांगली म्हणतात ते त्यामुळेच. कोंब फक्त टोकाला येतो, बटाट्यासारखे जागोजागी डोळे नसतात. एकाचं टोक लावतानाच मोडलं. दुसऱ्याला काळ्या मातीत रोज पाणी घातलं, तो कुजला. तिसरा निम्मी वाळू घातलेल्या मातीत दोन इंच खोल आडवा ठेवला. तो जगला.

पहिल्या पावसानंतर कोंब आला आणि मग वेल सुटलीच. पानाचं टोक स्प्रिंगसारखं वळतं आणि मिळेल ते धरतं. एकदा वाळत घातलेला टॉवेल ओढला तर सोबत वेलही आली, टोकाने धागा घट्ट पकडला होता. खोड ठिसूळ असतं, त्यामुळे आधाराची जाळी आधीच लावा.

फूल उमलतं तेव्हा हिरवट पिवळं. सहा नागमोडी पाकळ्या उलट्या वर वळलेल्या, पुंकेसर खाली पसरलेले. मग दिवसागणिक लाल चढत जातो. गौरीच्या दिवसांत आई गच्चीवर आली, बघत उभी राहिली. "अगो, हे तर गौरीचे हात!" कोकणात हेच नाव. दोन फुलं तिनेच तोडली.

तक्रारी आहेतच. जुलैत काळ्या, पांढऱ्या ठिपक्यांच्या, लाल पट्ट्यांच्या अळ्या येतात आणि दोन दिवसांत पानं फस्त करतात. मी संध्याकाळी हाताने वेचून साबणाच्या पाण्यात टाकते. दिवाळीनंतर वेल वाळते आणि मेपर्यंत कुंडी रिकामीच दिसते. फेब्रुवारीत कामवाल्या मावशींनी त्यात भाजी धुतलेलं पाणी ओतलं. आता पाटी लावलीय: 'झोपलीय, पाणी नको'.

आणि विष. सगळ्या झाडात कोल्चिसीन असतं, कंदात तर फारच. कंद चुकून रताळ्यासारखा वाटू शकतो. घरात रांगतं मूल किंवा कुत्रा असेल तर लावूच नका. मी कंद हाताळताना हातमोजे घालते.

यंदा जुना कंद सुकून त्याजागी दोन नवे मिळाले, फुलंही दुपटीने आली. शेंगांत केशरी बिया दिसतायत, पण बियांपासून फूल यायला तीन-चार वर्षं लागतात. आईने एक कंद मागून ठेवलाय, गावच्या कुंपणापाशी लावायला. "घरापासून लांब हं," म्हणाली.