गूगल मीट, झूम की टीम्स? आमच्या मकरपुऱ्यातल्या छोट्या कंपनीनं काय घेतलं आणि का

आधी निकाल सांगते, मग कारणं, म्हणजे ज्यांना वेळ नाहीये त्यांनी इथेच थांबलं तरी चालेल. व्हिडिओ मीटिंगसाठी ऑफिसला गूगल मीट घेतलं, पैसे भरून, वर्कस्पेसचा (गूगलचं मेल, ड्राइव्ह, मीट असं कंपन्यांसाठीचं पॅकेज) बिझनेस स्टँडर्ड प्लॅन. डीलर लोकांच्या ट्रेनिंगसाठी झूमचं एकच लायसन्स ठेवलंय. मायक्रोसॉफ्टचं टीम्स विकत घेतलं नाही पण उघडावं लागतंच, कारण आमचे जर्मन कस्टमर दुसऱ्या कशावर येतच नाहीत. फीचरची यादी समोर ठेवून हे ठरवायला बसलात तर महिनाभर बसाल, सगळ्यांकडे सगळंच असतं. समोरचा माणूस कशावर येतो ते बघा, निम्मा प्रश्न तिथेच सुटतो.

आमचं युनिट बडोद्यात मकरपुरा जीआयडीसीत (गुजरात सरकारची औद्योगिक वसाहत), छोटे गिअरबॉक्स बनवतो. शेठ गुजराती, ऑफिस आणि अकाउंट्स माझ्याकडे, डिझाइनला दांडिया बाजारातला एक मराठी मुलगा, शॉपफ्लोअरवर निम्मी माणसं यूपी-बिहारची. डीलर राजकोट, कोल्हापूर, कोइम्बतूर असे पसरलेले. म्हणजे एका मीटिंगमध्ये चार भाषा सहज होतात. आता कोल्हापूरचे आमचे डीलर काका दुकानात काउंटरवर फोन उभा करून बसतात, एकीकडे गिऱ्हाईक चालू असतं, त्यांना कुणी सांगावं की आधी हे अ‍ॅप डाउनलोड करा, मग अकाउंट बनवा, मग ओटीपी टाका? ते सरळ म्हणतात व्हॉट्सअ‍ॅपवर फोन करा की ताई. अँड्रॉइड फोनमध्ये मीट बहुतेक वेळा आधीच असतं आणि कॉम्प्युटरवर तर ब्राउझरमध्येच उघडतं, लिंक दाबली की झालं. आमच्यासाठी मीट जिंकलं ते मुख्य यावर. बाकी दिसायला ते अगदीच साधं आहे, कुणाला बोअर वाटेल.

फुकटात भागतं का हा शेठचा पहिला प्रश्न होता (कुठल्याही शेठचा असतो). दोघांचंच बोलणं असेल तर भागतं. मीटवर दोघंच असाल तर २४ तासांपर्यंत चालतं, तिसरा आला की ६० मिनिटं. झूमच्या फ्री प्लॅनला ४० मिनिटं, आणि २०२२ पासून दोघंच असलात तरी ४०च. टीम्स फ्रीला ग्रुपमध्ये ६०. माणसं तिन्हीकडे १०० पर्यंत चालतात, तेवढी आमच्याकडे आहेत कुठे. आपल्याच माणसांची मीटिंग असेल तर वेळ संपली की परत लिंक दाबायची, काही बिघडत नाही, पण कस्टमरशी रेटवर घासाघीस चाललीय आणि स्क्रीनवर उलटी मोजणी सुरू झाली तर आपली किंमत काय राहिली? आणि पहिली दहा मिनिटं तर "आवाज येतोय का", "संभळाय छे?", "काका म्यूट काढा" यातच जातात. एक मात्र खरं, फ्री होतं तेव्हा सोमवारची प्रॉडक्शन मीटिंग वेळेत संपायची, आता पैसे भरल्यापासून ती जेवणाच्या सुट्टीपर्यंत लांबते. याचं काय करायचं ते कुठल्याच प्लॅनमध्ये नाहीये.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं तो मुद्दा. माल निघायच्या आधी कस्टमर इन्स्पेक्शन करतो, पूर्वी माणूस यायचा, हॉटेल, गाडी, सगळं आपल्या डोक्यावर. आता बरेच जण व्हिडिओवर बघतात. आमचा सुपरवायझर फोन घेऊन टेस्ट बेंचपाशी जातो, गिअरबॉक्स नो-लोडवर, म्हणजे भार न लावता, फिरवतो, कस्टमर तिकडून आवाज ऐकतो, कारण अनुभवी माणसाला दात नीट बसलेत की नाही, बेअरिंग घासतंय का, हे आवाजावरून कळतं. आणि इथे ही सगळी सॉफ्टवेअर हुशारी करतात. नॉइज कॅन्सलेशन. माणसाचा आवाज ठेवायचा आणि बाकीचा गाळायचा हेच त्याचं काम, त्यामुळे गिअरबॉक्सचा आवाज तो कचरा समजून काढून टाकतो. गिअरबॉक्स गरगर फिरतोय आणि तिकडून कस्टमर म्हणतोय, भाई मशीन स्टार्ट करो ना. सुपरवायझर म्हणतोय चालूच आहे साहेब. कस्टमरला वाटणार आपल्याला उल्लू बनवतायत.

उपाय सोपा आहे पण कुणी सांगत नाही. झूममध्ये ओरिजिनल साउंड म्हणून सेटिंग आहे, गाणंबजावणं करणाऱ्यांसाठी दिलेलं, ते लावलं की आवाज जसाच्या तसा जातो. मीटच्या आमच्या पेड प्लॅनमध्ये आणि टीम्समध्ये नॉइज कॅन्सलेशनचं बटण ऑडिओ सेटिंगमध्ये असतं, ते बंद करायचं. आणि जिथे बोलायचं असेल तिथे परत चालू करायचं, नाहीतर शेजारच्या शेडमधला ग्राइंडर कस्टमरच्या कानात. यासाठी मी झूमला वरचे मार्क देते, तिथे मीटिंग चालू असताना स्क्रीनवरूनच ते पटकन चालू-बंद करता येतं. तुमचं काम मशीनचं असेल, किंवा तबला-हार्मोनियमचे क्लास असतील तरी, डेमो घेताना हे पहिल्यांदा तपासा. विकणारे कधीच दाखवणार नाहीत, ते बॅकग्राउंडला समुद्रकिनारा कसा लावायचा ते दाखवत बसतात.

ड्रॉइंग दाखवायला पण झूम बरं वाटलं. शेअर केलेल्या स्क्रीनवर समोरच्याला रेघ मारता येते, म्हणजे "अरे ते डावीकडचं, नाही नाही त्याच्या खालचं" हे बोलणं वाचतं, सरळ टॉलरन्सवर (मापात किती फरक चालेल तो आकडा) गोल करून मोकळा. कुठलंही अ‍ॅप असो, शेअर करताना अख्खी स्क्रीन शेअर करू नका, फक्त ती विंडो करा. कस्टमरसमोर आपल्या परचेसचं व्हॉट्सअ‍ॅप पॉपअप होऊन स्टीलचा आतला भाव दिसला तर नंतर डिस्काउंट मागायला त्याला कुणी शिकवावं लागत नाही.

झूमबद्दल लोक अजून विचारतात की ते सेफ आहे का, सरकारनं नाही म्हटलं होतं ना. हो, एप्रिल २०२० मध्ये गृह मंत्रालयानं सूचना काढली होती की सरकारी अधिकाऱ्यांनी सरकारी कामासाठी झूम वापरू नये. एंड-टू-एंड एन्क्रिप्शन (म्हणजे बोलणं मधे कुणालाच, कंपनीलाही, ऐकता येत नाही) आहे असं कंपनी तेव्हा सांगायची आणि ते खरं नव्हतं, हेही त्यांना कबूल करावं लागलं. पुढे त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्यांनी ते खरोखरचं आणलं, पण ते आपण चालू करावं लागतं, आणि केलं की क्लाउड रेकॉर्डिंग आणि साध्या फोनवरून जॉइन होणं बंद. गिअरबॉक्सच्या ड्रॉइंगसाठी मला एवढं पुरेसं वाटतं, वेटिंग रूम (आपण आत घेईपर्यंत येणारा बाहेर थांबतो) चालू ठेवा आणि एक कराच, पर्सनल मीटिंग आयडी सगळ्यांना वाटू नका. तो एकच नंबर कायम असतो, म्हणजे अकराच्या मीटिंगचा डीलर बाराला दुसऱ्या डीलरचा रेट चालू असताना आत टपकू शकतो. दर वेळी नवी लिंक.

टीम्स. काय बोलायचं, जर्मन लोकांना आवडतं. गेस्ट म्हणून ब्राउझरमधून नाव टाकून जाता येतं, अकाउंट लागत नाही, लॉबीत बसवतात, आत घेतलं की बोलायचं. तुमच्याकडे आधीच मायक्रोसॉफ्टचं सबस्क्रिप्शन असेल, वर्ड-एक्सेल त्यातूनच वापरत असाल, तर त्यात टीम्स येतं का ते आधी बघा, येत असेल तर वेगळे पैसे कशाला? नुसत्या मीटिंगसाठी हवं असेल तर टीम्स इसेन्शिअल्स म्हणून छोटा प्लॅन आहे, ३०० माणसं आणि ३० तास. पण आमच्या ऑफिसातल्या जुन्या लॅपटॉपवर ते जड पडतं, एक्सेल, टॅली आणि टीम्स एकत्र उघडलं की पंखा विमानासारखा. आमच्या शेठचे बाहेरचे जुने कॉन्टॅक्ट सगळे स्काइपवर होते, ते मायक्रोसॉफ्टनं मे २०२५ मध्ये बंद केलं, तेव्हा हळहळले बिचारे.

बाहेरच्या लोकांबरोबर मीटिंग असेल तर वेळ तोंडी किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर ठरवू नका, कॅलेंडरचं इन्व्हाइट पाठवा. जर्मनीत सकाळचे दहा म्हणजे उन्हाळ्यात आपले दुपारचे दीड आणि हिवाळ्यात अडीच, कारण मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटी ते घड्याळं फिरवतात आणि आपण नाही. कॅलेंडरला हे बराबर कळतं, माणसाच्या लक्षात राहत नाही.

बाकीची पटापट. झोहो मीटिंग चांगलं आहे, कंपनी चेन्नईची, तुमचं सीआरएम (गिऱ्हाइकांच्या नोंदी ठेवायचं सॉफ्टवेअर) किंवा मेल झोहोवर असेल तर दुसरीकडे बघूच नका, आमचं नव्हतं म्हणून राहिलं. जिओमीट २०२० मध्ये आलं तेव्हा दिसायला झूमचा जुळा भाऊच होतं, २४ तास फुकट म्हणून गाजलं, आमच्या कुठल्याच डीलरकडे दिसलं नाही. जित्सी ओपन सोर्स आहे, म्हणजे त्याचा कोड सगळ्यांना खुला, स्वतःच्या सर्व्हरवर टाकता येतं, ज्यांच्याकडे लिनक्स सांभाळणारा माणूस आहे त्यांच्यासाठी मस्त, आमच्याकडे प्रिंटर सांभाळणारा माणूस नाहीये. व्हॉट्सअ‍ॅपवर आता ३२ जणांचा व्हिडिओ कॉल होतो आणि घाईत तोच होतो, पण तो त्या माणसाच्या नंबरवर असतो, कंपनीच्या नाही.

आणि ही कंपनीच्या नावावर असण्याची गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, पैसे भरायचं खरं कारण तेच. सेल्सचा मुलगा स्वतःच्या जीमेलवरून लिंक बनवतो, कस्टमरचे सगळे इन्व्हाइट त्याच्या कॅलेंडरमध्ये, मग तो नोकरी सोडून वाघोडिया रोडच्या कॉम्पिटिटरकडे जातो आणि कस्टमर पुढच्या महिन्यात जुन्याच लिंकवर क्लिक करतो. कंपनीच्या डोमेनचं (मेलमध्ये @ च्या पुढे कंपनीचं नाव) अकाउंट असेल तर माणूस गेला की पासवर्ड बदलायचा, त्याचा ड्राइव्ह दुसऱ्याच्या नावावर करायचा, विषय संपला. मीटचं रेकॉर्डिंग मीटिंग बनवणाऱ्याच्या ड्राइव्हमध्ये जातं, म्हणून मीटिंग कोण बनवतो हे ठरवून ठेवा. आणि रेकॉर्डिंग वर्कस्पेसच्या सगळ्यात स्वस्त स्टार्टर प्लॅनमध्ये नाहीये हं, स्टँडर्डपासून वर आहे, आम्ही महाग प्लॅन घेतला तो यासाठीच. कस्टमरनं "हे तीन पीस रिवर्क करा, बाकी ओके" म्हटलेलं रेकॉर्डवर असलं की नंतर पेमेंटच्या वेळी आवाज चढत नाही. आधी विचारूनच रेकॉर्ड करतो, अजून कुणी नाही म्हटलेलं नाही.

सॉफ्टवेअर कुठलंही घ्या, रडारड होते ती नेटवर आणि आवाजावर. स्पीड टेस्टमध्ये डाउनलोड बघून खूश होऊ नका, आपला चेहरा आणि ड्रॉइंग अपलोडमधून जातं. राउटरला छोटा यूपीएस लावा. उत्तरायणला, म्हणजे संक्रांतीच्या पतंगांच्या दिवसांत, तर वायरींवर इतका मांजा लटकलेला असतो की त्या आठवड्यात महत्त्वाची मीटिंग असेल तर मोबाइलचा हॉटस्पॉट तयार ठेवायचा. एका खोलीत दोन लॅपटॉपवरून एकच मीटिंग जॉइन केली की शिट्टी वाजणारच, एकाचा माइक आणि स्पीकर दोन्ही बंद करा, किंवा कॉन्फरन्स टेबलावर एक यूएसबी स्पीकरफोन ठेवा. कॅमेरा साधा असला तरी चालतो, चेहरा धूसर असला तर कुणी ऑर्डर कॅन्सल करत नाही, पण रेटचा आकडा तुटक ऐकू आला तर घोटाळा होतो.

घेताना रिसेलर तुम्हाला सगळ्या स्टाफचं कोटेशन देणार, आम्हालाही एकानं दिलं होतं, अगदी वॉचमनला धरून. झूममध्ये फक्त मीटिंग घेणाऱ्याला लायसन्स लागतं, येणाऱ्यांना नाही. वर्कस्पेस घेताना ज्यांना खरंच कंपनीचा मेल लागतो तेवढेच युजर मोजा, कारण वार्षिक प्लॅनमध्ये मधेच युजर वाढवता येतात पण कमी करता येत नाहीत, रिन्युअलपर्यंत थांबावं लागतं. कोटेशनमधला भाव बहुतेक वेळा टॅक्स सोडून असतो, वर १८ टक्के जीएसटी, तेव्हा आपला जीएसटी नंबर पहिल्याच दिवशी बिलिंगमध्ये टाका, नाहीतर इनपुट क्रेडिट (भरलेल्या जीएसटीची वजावट) अडकतं आणि बिल बदलून घेण्यासाठी मेलामेली होते. झूमचं आम्ही वार्षिक घेतलंच नाही, महिन्याचं ठेवलंय, नवरात्र ते दिवाळी ट्रेनिंगला कोण बसतंय, तेव्हा बंद करून टाकतो.