बाड्याजवळ चार्ट छापून घेतला, राजाच्या वर बहीण बसवून

पाचपैकी चार स्टार. एक कापलाय तो रंगांसाठी, येते त्यावर.

तर काम असं होतं की माझ्या भाचीला, म्हणजे भावाच्या मुलीला, एमएच्या सेमिनारसाठी वंशावळीचा चार्ट हवा होता, तीन बाय चार फूट, सनबोर्डवर, मॅट लॅमिनेशन करून. विषय टोंगाचं राजघराणं. टोंगा म्हणजे पॅसिफिकमधली बेटं, आमच्या ग्वाल्हेरच्या लश्कर भागातला टांगा नाही, हे छपाईच्या दुकानातसुद्धा दोनदा सांगावं लागलं. भाची दिवसभर कॉलेजात, म्हणून पेनड्राइव्ह घेऊन मीच गेले. महाराज बाड्यापासून पाच मिनिटं चालत, पहिला मजला, जिना अगदी अरुंद, गुडघेवाल्यांनी खालूनच हाक मारावी, पोरगा खाली येऊन पेनड्राइव्ह नेतो.

दुकानात कम्प्युटरवर बसणाऱ्या भैयाकडे वंशावळीचं तयार टेम्पलेट आहे, वर मूळपुरुष, खाली त्याची पोरं, बायकांची नावं बारीक अक्षरात. त्यात टोंगा बसेचना. कारण तिथे सगळ्यात मोठा मान राजाचा नाहीच, त्याच्या थोरल्या बहिणीचा. राजा तो तुई टोंगा, बहीण ती तुई टोंगा फेफिने, आणि तिची मुलगी तमहा, ती तर सगळ्यांच्या वर, खुद्द तुई टोंगाने तिच्या पायाशी डोकं टेकवायचं. कॅप्टन कुक 1777 ला गेला तेव्हा पौलाहो नावाचा राजा होता आणि त्याच्याहून मानाने वरची माणसं आहेत, त्यात बायकाही आहेत, हे कुकने लिहून ठेवलंय.

भैयाने माउस सोडला. "मॅडम, राजा से ऊपर कौन होगा?" म्हटलं, बहीण, आणि तिच्या वर बहिणीची मुलगी. दोन सेकंद गप्प, मग म्हणाला, "अच्छा, भानजी वाला हिसाब है!" आणि स्वतःहून राजाचा डबा दोन ओळी खाली सरकवला. इथेच माझे तीन स्टार पक्के झाले. ग्वाल्हेरात राहणाऱ्यांना सांगायला नको, इथे मामा भानजीच्या पाया पडतो. आमच्या मराठी घरांत तसं नाही, त्यामुळे लहानपणी शेजारचे मिशीवाले काका चार वर्षांच्या पोरीच्या पाया पडताना बघून मी आईला विचारलेलं की हिने असं काय केलं? टोंगात तर राजघराण्याच्या बाहेरही, साध्या घरात, बहीण भावापेक्षा वरची, तिच्या मुलांचा मामाच्या वस्तूंवर हक्क, त्याला फाहू म्हणतात, आणि मयतीच्या वेळी चांगल्यात चांगल्या चटया हा हक्क असणाऱ्या फाहूकडे जातात. आणि आत्या म्हणजे मेहेकितांगा, तिच्यापुढे भावाच्या मुलांनी अदबीने राहायचं. इथे आत्या बारशाला कानात नाव सांगते, पाठीत बुक्के खाते, आणि वीस वर्षांनी पेनड्राइव्ह घेऊन जिने चढते. असो.

मग अडलं नवऱ्यावर. फेफिनेचा मान एवढा की टोंगात तिच्या तोलाचा नवरा मिळणं कठीण, म्हणून तिला द्यायचे फाले फिसीत, म्हणजे मुळात फिजीहून आलेल्या घराण्यात. त्यामुळे मुलं बाहेरच्या वंशाची, मान आभाळाएवढा पण गादीवर दावा नाही, मामा निर्धास्त! भाचीच्या फाइलमध्ये हे नुसतं एका ओळीत होतं, भैयाने तो डबा अगदी कडेला नेऊन तुटक रेषेने जोडला, बघताक्षणी कळतं की हा माणूस बाहेरचा.

प्रूफ मात्र नीट वाचून घ्या. टायपिंग कृतिदेव या हिंदी फॉन्टमध्ये, कानाने ऐकून, तमहाचं तमन्ना झालं होतं आणि वंशावळ झाली वंशावल. ळ मिळतो पण मागावा लागतो. एका ठिकाणी तर बरोबर होतं तेच तो खोडायला निघाला: तुपोउमोहेओफो, पौलाहोची पट्टराणी, हिने 1790 च्या दशकात कानोकुपोलु हे कारभारी राजाचं पद स्वतःच घेतलं, मग तुकुआहोने तिला हटवलं. "राजा की लाइन में लेडीज? टाइपिंग मिस्टेक?" म्हटलं भैया, तुम्ही ग्वाल्हेरचे ना, 1827 ला दौलतराव शिंदे गेल्यावर त्यांच्या राणी बायजाबाईंनी दत्तक घेऊन 1833 पर्यंत राज्य चालवलं ते काय मिस्टेक होतं का. हसला बिचारा.

आता रंग. टोंगात राजांच्या तीन शाखा, आधी देवपणाची तुई टोंगा, पंधराव्या शतकात तिच्यातल्या राजाने कारभार धाकट्या भावाकडे दिला ती हाआताकालाउआ, आणि तिच्यातून निघालेली कानोकुपोलु, आजचे राजे या तिसरीतले. लाल, हिरवा, निळा सांगितलं होतं. छापून आलं तर हिरवा आणि निळा सारखेच, मळका मोरपंखी. आणि सगळी मजा तिथेच होती ना! सालोते राणी, 1918 ला अठराव्या वर्षी गादीवर बसली, बापाकडून कानोकुपोलु, आई लाविनिया तुई टोंगाच्या रक्तातली, नवरा तुंगी माइलेफिही हाआताकालाउआचा, म्हणजे त्याच वर्षी झालेल्या तिच्या मुलात तिन्ही रेषा एकत्र. चार्टवर दोनच दिसत होत्या.

भैयाने कुरकुर केली, कम्प्युटर पे तो सही दिख रहा था वगैरे, पण दुसऱ्या दिवशी फुकट परत छापून दिलं. लॅमिनेशनला एका कोपऱ्यात फुगा राहिलाय, नेमका लाउफिलितोंगाच्या, शेवटच्या तुई टोंगाच्या नावावर. 1826 ला वेलाताची लढाई हरला, 1865 ला गेला, आता हे.

720 रुपये पडले, यूपीआय चालतं. दुपारी दोन ते चार जाऊ नका, ऑपरेटर जेवायला जातो. फाइल पीडीएफच न्या.