एकसलग पट्टा की खांद्यावरची बकलं? बॅकप्लेटचा हार्नेस निवडताना

स्कूबा डायव्हिंगसाठी बॅकप्लेट (सिलिंडर बसवायची पाठीवरची धातूची प्लेट) आणि विंग (तरंगण्यासाठी तिला जोडलेली हवेची पिशवी) घ्यायचं ठरलं की बहुतेकांची चर्चा प्लेट स्टीलची घ्यावी की ॲल्युमिनियमची, यावरच अडते. माझ्या मते तो प्रश्न लवकर सुटतो. स्टीलची प्लेट साधारण अडीच-तीन किलोची, म्हणजे पाण्यात खाली जाण्यासाठी कमरेला बांधायचं शिसं जवळपास तेवढं कमी होतं. ॲल्युमिनियमची किलोभराच्या आसपास, त्यामुळे विमानप्रवासाला बरी. अंगाला टेकतो तो हार्नेस, म्हणजे प्लेट अंगावर बांधणारे पट्टे, आणि डाइव्ह सुखाची होणार की कटकटीची हे बरंचसं त्यावर ठरतं. तरी त्याचा विचार बहुधा सगळ्यात शेवटी होतो.

पर्याय मुख्यतः दोन. पहिला एकसलग पट्ट्याचा: 2 इंच रुंद वेबिंगचा (विणलेल्या जाड पट्टीचा) एकच लांब तुकडा प्लेटच्या खाचांतून ओवलेला, कमरेला एकच बकल, आणि दोन्ही पायांमधून मागून पुढे येणारा क्रॉच स्ट्रॅप. ही मांडणी फ्लोरिडातल्या पाण्याखालच्या गुहांमध्ये डाइव्ह करणाऱ्यांकडून आली. त्यांच्यापैकीच विल्यम हॉगार्थ मेन यांच्या नावावरून तिला हॉगार्थियन म्हणतात. दुसरा पर्याय समायोजनाचा, म्हणजे खांद्यांवर क्विक-रिलीज बकलं, ओढून घट्ट करायचे पट्टे, पॅडिंग आणि छातीवर आडवा पट्टा. मी दोन्ही वापरले आहेत.

दुकानात घालून पाहिलं तर दुसराच आवडेल. पॅडिंग मऊ लागतं, खटकन उघडतो, खटकन बंद होतो. एकसलग पट्टा तिथे कडक आणि अवघड वाटतो. पण दुकानात वजन खांद्यांवर असतं, पाण्यात ते खांद्यांवर राहतच नाही. आडवं तरंगताना सिलिंडर पाठीवर स्थिर ठेवायचं काम कमरेचा पट्टा आणि क्रॉच स्ट्रॅप करतात. खांद्यांचे पट्टे सैलसर असले तरी चालतं, किंबहुना तसेच असावेत. त्यामुळे पॅडिंगचा उपयोग बोटीवर आणि किनाऱ्यावर चालताना, बस्स. शिवाय ते पाणी धरून ठेवतं आणि वाळायला वेळ लागतो.

माझा निर्णय झाला तो डी-रिंगमुळे, म्हणजे पट्ट्यावरच्या सामान अडकवायच्या D आकाराच्या कडीमुळे.

समायोजनाच्या हार्नेसमध्ये खांद्याचा पट्टा जेवढा ओढाल तेवढं सगळं सरकतं. पाच मिलिमीटरच्या वेटसूटमध्ये वर पाण्याच्या पृष्ठभागावर पट्टे नीट बसवले आणि खाली गेलं की ते सैल पडायचे. 10 मीटरवर दाब दुप्पट होतो, सूटच्या निओप्रीनमधले (फेसाळ रबरामधले) वायूचे बुडबुडे आकसतात आणि सूट पातळ होतो. मग पुन्हा ओढा. वर येताना सूट फुगतो आणि छाती आवळल्यासारखी होते, मग पुन्हा सैल करा. एवढंही चाललं असतं. पण माझ्या हार्नेसवर खांद्याची डी-रिंग ओढायच्या भागावरच होती, आणि दर वेळी तिची जागा थोडी बदलायची. बॅकअप टॉर्च काढून परत अडकवायचा म्हटलं की बोल्ट स्नॅप (टॉर्चचा धातूचा हुक) हातात धरून छातीवर चाचपडणं आलं. जाड हातमोजे असले की आणखीच. आणि चाचपडताना लक्ष गेलं की तरंगण्याचा तोलही जातो.

एकसलग पट्ट्यावर ती रिंग धातूच्या स्लाइडने एकदा घट्ट केली की तिथेच राहते. अंधारात स्वतःच्या खोलीतल्या दिव्याच्या बटणावर हात जावा तसा तिथे हात जातो. डावीकडच्या कमरेच्या रिंगवर प्रेशर गेज, उजव्या खांद्याच्या रिंगवर टॉर्च, प्रत्येक डाइव्हला त्याच जागी. सूट दबला म्हणून रिंग हलत नाही, कारण खांदे मुळातच मोकळे असतात आणि आवळायचं एकच ठिकाण उरतं, कमर. माझ्यासाठी एवढं पुरेसं होतं.

समायोजनाच्या बाजूनेही बोलायला हवं, कारण काही गोष्टींत तो खरोखर बाजी मारतो. खांद्याची जुनी दुखापत असेल, हात मागे वळत नसेल, तर एकसलग पट्ट्यातून बाहेर पडणं त्रासाचं आहे. आधी कमरेचं बकल, मग डावा हात, मग उजवा, असा क्रम अंगवळणी पडतो, पण दुखऱ्या खांद्याला तो क्रमही जड जातो. एकच हार्नेस दोन वेगळ्या बांध्याची माणसं वापरणार असतील, किंवा आज पातळ सूट आणि उद्या ड्रायसूट (आत पाणी न शिरणारा सूट) असं सतत चालणार असेल, तरी समायोजनाचाच बरा. अरुंद खांद्यांच्या काही जणांना छातीवरच्या पट्ट्यामुळे खांदे घसरत नाहीत असं वाटतं, त्यातही तथ्य असावं. जखमी डायव्हरला पटकन मोकळं करता येतं हा मुद्दाही वजनदार आहे. एकसलग पट्टा अशा वेळी कापावा लागतो, म्हणून कटर हाताशी हवाच.

प्लॅस्टिकच्या बकलांचं मला थोडं भय वाटतं. डेकवर सिलिंडर त्यांच्यावर पडायला कितीसा वेळ लागतो? वेबिंग झिजलं तर मीटरवर मिळतं, स्वतः ओवता येतं.

एकसलग घेणार असाल तर बसवायला एक संध्याकाळ राखून ठेवा. अंगात सूट घालूनच बसवा. प्लेटची वरची कड मानेमागे हात नेल्यावर बोटांना लागली पाहिजे. खांद्याच्या पट्ट्याखालून हात सपाट सरकला पाहिजे. हात छातीकडे वळवल्यावर अंगठा जिथे आपसूक टेकतो, तिथे डी-रिंग. क्रॉच स्ट्रॅप इतकाच ताठ, की प्लेट डोक्याकडे सरकू नये आणि पाय वाकवताना ओढही बसू नये. कमरेला उरलेलं शेपूट लगेच कापू नका. काही डाइव्ह होऊ द्या, तुमच्या सर्वांत जाड सूटवर ते पुरतं का पाहा, मग कापा आणि टोक लायटरने वितळवून बंद करा, म्हणजे धागे सुटणार नाहीत.