शेगडीचा बर्नर बदलायचाय? लालबागच्या ह्या दुकानात जा, नवीन शेगडी घेऊ नका

आमच्या शेगडीचा मोठा बर्नर पार गेला होता, भोकं झिजून एकमेकांत मिसळलेली, एका बाजूला भडका नि दुसऱ्या बाजूला नुसती फुरफुर, भाकरी एका अंगाने करपायची आणि दुसऱ्या अंगाने कच्चीच, वर पातेल्यांच्या बुडाला काजळी. घरी आलेल्या एका सर्व्हिसवाल्याने दोन मिनिटं बघून सांगितलं की पार्ट मिळत नाही, नवीन शेगडी घ्या. मग शेजारच्या काकूंनी चिवडा गल्लीजवळचं हे दुकान सांगितलं.

गाळा छोटासाच, तारेत ओवलेले बर्नर, कुकरच्या शिट्ट्या, रिंगा, नॉब सगळं टांगलेलं. जाताना जुना बर्नर घेऊनच जा, नुसता फोटो दाखवला तर काका देत नाहीत, आणि बरोबरच आहे त्यांचं, कारण वरून सारखे दिसतात पण बूड वेगळं असतं, जरा डुगडुगला तरी कडेने गॅस निघतो आणि ज्योत आत जाऊन फट्ट करून विझते.

मला दोन दाखवले. स्वस्तातला एकदम पिवळाधमक होता, काकांनी स्वतःच त्याच्या बुडाला कानस मारली तर आतून पांढरा, म्हणजे ॲल्युमिनियमवर नुसता रंग! दुसरा अस्सल पितळी, हातात घेतला की वजनानेच कळतं. ४५० रुपये पडले पण दूध, आमटी उतू जाऊनसुद्धा टिकतो तो हाच. स्वतःचा माल असा घासून दाखवणारा दुकानदार आजकाल कुठे भेटतो सांगा.

पुढे विचारलं, "ताई, सिलेंडर की पाइपचा गॅस?" हे विचारलं ना तिथेच मला माणूस पटला. जेट म्हणजे बर्नरला गॅस सोडणारी बारीक भोकाची छोटी तोटी. पाइपच्या गॅसला जेटचं भोक मोठं लागतं, सिलेंडरला बारीक. बिल्डिंगमध्ये पाइपलाइन येते तेव्हा जेट बदलतात, पण नंतर कोणी रिपेअर करताना सिलेंडरचा जेट घातला की ज्योत मरतुकडी होते नि आपण बर्नरलाच दोष देत बसतो. उलटं झालं, म्हणजे सिलेंडरवर पाइपचा जेट बसला, तर भडका, काजळी, आणि तो सरळसरळ धोका आहे.

त्यांचा कारागीर घरी आला, आधी भिंतीवरचा कॉक बंद केला आणि मगच शेगडीला हात लावला. जेटमध्ये सुई घालू नका म्हणाला, भोक मोठं होतं, त्याने ब्रशने आणि हवा मारून साफ केला. खालच्या नळीत उतू गेलेलं दूध जळून दगड झालेलं, ते खरवडून काढलं, घट्ट झालेल्या नॉबना ग्रीस लावलं, शेवटी जॉइंटवर साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का बघितलं. रबरी पाइपवर छापलेलं सालसुद्धा वाचून दाखवलं, पाच वर्षं झाली की पाइप बदलायचा. ह्यातलं काहीही मी सांगितलेलं नव्हतं हां.

आता ज्योत गोल, निळी, सगळीकडे सारखी, आणि भाकरी छान फुगतेय.

गणपतीच्या दिवसांत मात्र तिकडे फिरकू नका, लालबागच्या गर्दीत दुकानापर्यंत पोचणंच कठीण. आणि बिल मागितल्याशिवाय देत नाहीत, मागून घ्या.